टबासाठी जागा

बारशाच्या सकाळी श्रीमंत चुलतसासरे हेमांगीच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात बाळाच्या आंघोळीचा भलामोठा टब घेऊन आले आणि आल्याआल्या हुकूम सोडला, "वहिनींची खाट गॅलरीत हलवा, इथे टब राहील. हा बाळाची मान सांभाळतो, पाणी कढत असलं तर रंग बदलतो!"

मोरीत पाय पसरून नातवाला न्हाऊ घालणाऱ्या सासूबाईंचा हात थबकला. हेमांगीने पदर खोचला.

"काका, आमच्याकडे टब आहे की! तो मान सांभाळतो, पाणी कोपराने पारखतो, बाळ रडलं तर गाणं म्हणतो आणि आंघोळ झाली की त्याची आपोआप घडी होते."

"कुठल्या कंपनीचा?"

हेमांगीने सासूबाईंच्या पसरलेल्या पायांकडे बोट दाखवलं. "आता तुम्हीच सांगा, गॅलरीत कुठला टब ठेवायचा?"

काकांनी आपला टब उचलून गॅलरीत नेऊन ठेवला.