लोणच्याची बरणी आणि बिनविरोध निवडणूक

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका गुरुकुलाला एका गोष्टीचा भारी तोरा होता. तिथला छात्रप्रमुख चाळीस वर्षं बिनविरोध निवडला जात होता. मावळता प्रमुख आपल्याच दोस्ताचं नाव घ्यायचा, गुरुजी विचारायचे, "कुणाचा विरोध?" सगळे गप्प. मग टाळ्या. झाली निवडणूक!

प्रमुखाच्या हाती एकच मोठी गोष्ट होती, जेवणाची पंगत. पहिल्या पंगतीला थोरले बसत. धाकट्यांच्या दुसऱ्या पंगतीला उरेल ते. आमटी म्हणजे नुसतं पाणी, आणि भाकरी संपली की उपाशी उठायचं.

त्या वर्षीही गुरुजींनी विचारलं, "कुणाचा विरोध?"

दुसऱ्या पंगतीतली एक काटकुळी मुलगी ताडकन उठली. "माझा! मी निवडणुकीला उभी राहणार. धाकट्यांना आधी वाढलं पाहिजे."

गुरुजींचा चेहराच उतरला. "अगं, चाळीस वर्षांची परंपरा! पंचक्रोशीत नाव आहे आपलं."

"नाव आहे हो गुरुजी, पण आमचं पोट भरत नाही त्यानं."

ज्याची निवड ठरलेलीच होती, त्या थोरल्यानं दुपारी तिला विहिरीपाशी गाठलं. "नाव मागे घे. उद्यापासून तुझं पान पहिल्या पंगतीत. वर तूप."

तूप! मुलीच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोला? तरी तिनं विचारलं, "आणि बाकीच्यांचं पान?"

"बाकीच्यांशी तुला काय करायचंय?"

"मग तुझं तूप तुलाच लखलाभ, दादा."

आता आली का पंचाईत! मतं घ्यायची कशी, हेच कुणाला आठवेना. शेवटी म्हातारा आचारी म्हणाला, "मतांची एक बरणी होती बघा." शोधाशोध झाली. बरणी स्वयंपाकघरातच निघाली, लिंबाच्या लोणच्यानं काठोकाठ भरलेली! पोरं पोट धरून हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत.

लोणचं काढलं, बरणी राखेनं घासली. प्रत्येकाला एक खडा आणि एक चिंचोका दिला. थोरला हवा तर बरणीत खडा टाकायचा, मुलगी हवी तर चिंचोका.

"ताई, मलापण?" सगळ्यात धाकट्यानं विचारलं.

"तुलापण. कुणाला दाखवू नकोस."

मोजणी झाली. खडे एकेचाळीस, चिंचोके अडतीस. मुलगी हरली. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"आता तरी गप्प बसशील?" थोरला म्हणाला.

तिनं नाक पुसलं. "छे! पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहीन. बरणी सापडलीय आता."

थोरल्याचं हसू मावळलं. पुढच्या वर्षी त्याला आपल्या दोस्ताला प्रमुख करायचं होतं. त्यानं चिंचोक्यांच्या ढिगाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली, तेव्हा तो स्वतःच आचाऱ्याला म्हणाला, "आधी धाकट्यांना वाढा."

जेवणं आटोपल्यावर आचारी नव्या लोणच्यासाठी बरणी मागायला आला. गुरुजींनी ती आपल्या बैठकीशेजारी ओढून घेतली.

"दुसरी बघ," ते म्हणाले. "हिला काम आहे."

तात्पर्य: सगळे गप्प आहेत म्हणजे सगळ्यांना मान्य आहे, असं नव्हे. हरायची तयारी ठेवून एकजण जरी उठला, तरी जिंकणाऱ्याला ऐकावं लागतं.