मज्जेतून आलेली पाहुणी

शरीरातल्या पेशी अजून एकमेकींशी बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. रानात राहणाऱ्या भागूबाईने चुकून विषारी अळंबी खाल्ली. विष यकृतात उतरले आणि तिथल्या निम्म्याहून अधिक पेशी मेल्या. यकृताची हाक मांडीच्या हाडापर्यंत पोचली. तिथल्या मज्जेतली एक तरुण पेशी लगेच निघाली.

"तुला यकृताचं काय काम येतं गं?" शेजारणी म्हणाल्या.

"गेल्याशिवाय कसं कळेल?" म्हणत ती रक्तात उतरली.

यकृतात मेलेल्या पेशींचा खच पडला होता. त्यात एक म्हातारी पेशी कशीबशी तग धरून होती.

"पित्त करता येतं तुला?" तिने विचारले.

"नाही, मावशी."

"मग कशाला आलीस?"

"मेलेल्यांना उचलायला. जागा मोकळी झाली की तुम्ही वाढाल."

उचलता उचलता विष तिच्याही अंगात भिनत गेले, पण ती थांबली नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारीच्या शेजारी जागा मोकळी झाली आणि एकीच्या दोन झाल्या, दोघींच्या चार. भागूबाईने डोळे उघडून पेज मागितली.

"आजी, आमच्यासाठी ही जागा कोणी मोकळी केली? ती कुठे राहते?" नव्या पेशींनी विचारले. पाहुणी तोवर विरून गेली होती.

म्हातारी म्हणाली, "राहायला नव्हती आली ती."