राईची एक बैठक

पहाट सरली होती. ऊन अजून आले नव्हते. घर अर्धे जागे होते, अर्धे स्वप्नात होते. अशा वेळी सगळेच बोलतात. अगदी हळू बोलतात.

एक होती मुंगी. तिचे नाव राई. राईच्या तोंडात साखरेचा एक दाणा. दाणा होता धाकट्या भावासाठी. भावाचे नाव तिळू. तिळू भिंतीच्या फटीत बसला होता. कालपासून उपाशी होता.

राई निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. वाटेत लागली सतरंजीची वळकटी. राई वर चढली. पाय घसरला. दाणा निसटला. टप्! गेला वळकटीच्या पोटात.

राई म्हणाली,
"सतरंजी, सतरंजी, उलगड ना!
दाणा काही मिळेना!"

सतरंजी होती नवी कोरी, निळ्या पट्ट्यांची. ती म्हणाली, "मी आपणहून कशी उलगडू? दिगंबरमामाने मला व्यायामासाठी आणले. आणले, आणि भिंतीशी ठेवून दिले. मामा उठला, तर मी उलगडेन."

राई गेली मामाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. मामा होता गोल गोल. आरामखुर्चीत पेंगत होता.

"मामा, मामा, ऊठ ना!
सतरंजी उलगडेना,
दाणा काही मिळेना!"

मामाने डोळे मिटूनच विचारले, "आज वार कोणता गं?"

"बुधवार."

"छे, छे! व्यायामाला आरंभ करावा सोमवारी. बुधवारी कोणी करते का?"

"मग मागच्या सोमवारी का नाही केलास?"

मामाने गुडघा चोळला. मग हळूच म्हणाला, "गुडघा ऐकत नाही गं. गुडघा वाकला, तर मी उठेन."

राई गेली गुडघ्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"गुडघ्या, गुडघ्या, वाक ना!
मामा उठेना,
सतरंजी उलगडेना,
दाणा काही मिळेना!"

गुडघा करकरला. कर्र कर्र! "किती दिवसांनी कोणी विचारले! पण एकदम वाकलो, तर दुखेन. श्वास लांबला, तर मी वाकेन."

राई गेली श्वासाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. श्वास होता मामाच्या नाकाशी. आत, बाहेर. आत, बाहेर. आखूड, आखूड. फुस् फुस्!

"श्वासा, श्वासा, लांब ना!
गुडघा वाकेना,
मामा उठेना,
सतरंजी उलगडेना,
दाणा काही मिळेना!"

श्वास म्हणाला, "खोली किती कोंदट आहे! वारा आला, तर मी लांबेन."

राई गेली खिडकीत. तुरु तुरु, तुरु तुरु. बाहेर होते शेवग्याचे झाड. इवल्या इवल्या पानांत वारा पहुडला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ये ना!
श्वास लांबेना,
गुडघा वाकेना,
मामा उठेना,
सतरंजी उलगडेना,
दाणा काही मिळेना!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "मी साऱ्या जगाला हलवतो. मला कोण हलवणार? आधी तू एक बैठक काढ. मग मी येईन."

"मी? मला तर येत नाही!"

"येत नाही, म्हणूनच एक. येणाऱ्याला शंभर सांगितल्या असत्या."

राईला तिळू आठवला. ती उभी राहिली. पुढचे दोन पाय वाकले. मधले दोन विसरले. मागचे दोन उगाच नाचले. डुग डुग, डुग डुग... धप्!

"पडले," राई म्हणाली.

"दिसले," वारा म्हणाला. "ऊठ."

राई उठली. या वेळी घाई केली नाही. सहाही पाय वाकले. थोडेसेच वाकले. तिळाएवढे वाकले. पण वाकले! मग सहाही पाय सरळ झाले.

"एक!" राई म्हणाली.

वारा खुदकन हसला. सळ सळ, सळ सळ! सगळा शेवगा हसला.

आणि काय झाले?

वारा आला,
श्वास लांबला,
गुडघा वाकला,
मामा उठला,
सतरंजी उलगडली,
दाणा घरंगळत बाहेर आला!

राई खाली धावली. तुरु तुरु, तुरु तुरु. दाणा उचलला. वर पाहिले, तर मामा सतरंजीवर उभा! त्याने खुर्चीची पाठ धरली. तो हळू हळू वाकला. गुडघा म्हणाला, कर्र. श्वास म्हणाला, हूऽऽ. मामा हळू हळू सरळ झाला.

"एक!" मामा म्हणाला. "राई, पुरे ना गं?"

"आजला पुरे. उद्या?"

"उद्या तर गुरुवार..." मामाने पोटावरून हात फिरवला. मग हसला. "गुरुवारी दोन!"

तिळूने दाणा खाल्ला. कुटुम् कुटुम्! कोवळे ऊन आत आले. निळ्या पट्ट्यांवर अलगद निजले. त्या दिवशी सतरंजीची वळकटी कोणी केली नाही.

दाणा गेला तिळूपाशी,
गोष्ट आली तुमच्यापाशी.