केळुसकरांचं इंजिन

"मग आता तरी द्याल ना?"

एवढं विचारून केळुसकरांनी मठाच्या पायरीवर बसकण मारली. टेकडी चढून त्यांना धाप लागली होती.

भिवाबुवा चुलीपुढे उकिडवे बसून पेज ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय द्यायचं?"

"अनुग्रह, बुवा. इंजिन सुरू झालं."

बुवांच्या हातातली पळी थांबली.

"सुरू झालं?"

"परवा झालं. काल पुन्हा झालं. आज सकाळीही."

"अस्सं..." बुवा म्हणाले आणि पुन्हा ढवळू लागले. पेज केव्हाच शिजली होती.

मधुसूदन केळुसकर हे हातिवणे गावात कुणी साधे असामी नव्हते. उभा जन्म त्यांनी मोठमोठ्या जहाजांवर काढला होता, तोही इंजिनखोलीत. तीन मजली उंच इंजिनं त्यांच्या शब्दावर चालायची. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांनी येताना मुंबईहून एक जुनी शिडाची होडी विकत आणली. होडी चांगली होती, डोलकाठी सरळ होती. फक्त वारा पडला की कामाला यावं म्हणून तिच्या पोटात बसवलेलं लहानसं डिझेल इंजिन खारं पाणी शिरून पार जाम झालं होतं.

"आठवड्याचं काम आहे," केळुसकर तेव्हा म्हणाले होते. इंजिन उचलून त्यांनी घराच्या पडवीत आणून ठेवलं. आणि ते तसंच पडून राहिलं.

कारण मधेच त्यांना भिवाबुवांचा नाद लागला.

भिवाबुवा खाडीवरच्या टेकडीवर, जांभ्या दगडाच्या दोन खोल्यांत एकटे राहत. कीर्तन नाही, प्रवचन नाही. कुणी आलं तर बसा म्हणत, उठलं तर या म्हणत. केळुसकरांना वाटलं, आयुष्यभर यंत्रांचा गोंगाट ऐकला, आता या माणसाच्या पायाशी बसावं. त्यांनी अनुग्रह मागितला. बुवांनी टाळलं. त्यांनी पुन्हा मागितला, पुन्हा मागितला. माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

शेवटी एकदा कंटाळून बुवा म्हणाले होते, "तुझ्या पडवीत ते होडीचं इंजिन पडलंय ना? ते सुरू कर. मग ये."

केळुसकर त्या दिवशी टेकडी उतरले ते तरंगतच.

त्यावर तीन पावसाळे गेले.

पिस्टन निघेना. रॉकेल ओतून महिनोन्महिने भिजत ठेवला, ठोकला, तापवला, तेव्हा कुठे हलला. हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उघडलं तर आत भेग. तसलं हेड बनवणं कंपनीने कधीच बंद केलेलं. एक कुठून तरी मिळवलं, ते बसेना. ते बसलं तर डिझेलचा पंप दाब धरेना. घरातल्या पराती नटबोल्टांनी भरल्या. बायको, कुमुद, आधी रागावली, मग हसली, मग तिने दोन्ही सोडून दिलं. ज्यांच्या हाताखाली तीन मजली इंजिनं नांदली, त्या केळुसकरांना गुडघ्याएवढ्या इंजिनाने रडवलं.

पण त्यांनी धीर सोडला नाही. बुवांच्या शब्दाला अर्थ असणारच. हे इंजिन म्हणजे देह, असं त्यांनी ठरवलं. गंज म्हणजे वासना. जाम पिस्टन म्हणजे अहंकार. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हे समजावून सांगत, हातातलं फडकं पिळत. ऐकणारेही माना डोलवत. गुरूने कसली कसोटी लावली बघा, म्हणत.

आणि परवा हँडल मारता मारता इंजिन एकदम खोकलं, धूर ओकलं, आणि चालू झालं.

केळुसकर त्याच्यापुढे स्टुलावर बसून राहिले. आनंद होईल, डोळ्यांना पाणी येईल, आत काहीतरी उजळेल, असं त्यांना वाटत होतं. तसं काही झालं नाही. फक्त खांदे दुखत होते.

कुमुद पदराला हात पुसत बाहेर आली. तिने इंजिनाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"झालं? मग आता झोपा थोडं," ती म्हणाली.

हे सगळं केळुसकरांनी बुवांना सांगितलं नाही. सांगायचं तेवढंच सांगितलं. मग बुवांच्या उत्तराची वाट पाहत बसले.

बुवांनी पेज दोन वाडग्यांत ओतली. एक केळुसकरांपुढे सरकवला. बुवांना नुकताच ताप येऊन गेला होता. 

"होडीत बसवलंस?"

"बसवलं. काल पोरं बोलावून होडी पाण्यात पण ढकलली."

"पलीकडे नेशील?"

केळुसकरांच्या अंगावर काटा आला. ते सावरून बसले.

"पलीकडे... म्हणजे, बुवा... या भवसागराच्या..."

"खाडीच्या," बुवा म्हणाले. "खाडीच्या पलीकडे. कोंडवलीच्या धक्क्यावर. माझी बहीण असते तिथे."

केळुसकर बघतच राहिले.

"बहीण?"

"थोरली. आक्का. तिचा पुन्हा निरोप आलाय. एकदा येऊन जा म्हणते."

"पण... तरीच्या होडीने गेला असतात की!"

"तर बंद झाली. वरती पूल झाला ना."

"मग एसटीने?"

"एसटी खूप फिरून जाते. माझी पाठ तेवढं बसू देत नाही." बुवांनी पेजेचा घोट घेतला. मग वाडगा खाली ठेवून म्हणाले, "आणि तर चालू होती, तेव्हाही मी गेलो नव्हतो. घर सोडून इथे आलो त्यानंतर गेलोच नाही. समोर दिसतं तिचं घर. संध्याकाळी दिवा लागलेला दिसतो."

केळुसकरांच्या मनात हळूहळू काहीतरी खदखदायला लागलं. तीन वर्षं. देह, वासना, अहंकार. ठेचलेल्या बोटांची नखं अजून काळी होती.

"बुवा, खरं सांगा. तुम्ही मला इंजिन सुरू कर म्हणालात, ते यासाठी?"

"तुला काय वाटलं?"

केळुसकरांचे कान तापले.

"यासाठीच होतं तर तेव्हाच सांगायचं. मी कुणाचीही होडी आणली असती. त्याच दिवशी पोचवलं असतं तुम्हाला!"

"म्हणून तर नाही सांगितलं."

"म्हणजे?"

बुवा चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिले. धूर डोळ्यांत गेला असेल, त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

"तू फार मागे लागला होतास... मला वाटलं, ते इंजिन काही कधी सुरू व्हायचं नाही."

...

केळुसकर उठले. टेकडी उतरून थेट घरी जावं आणि पुन्हा इकडे फिरकू नये, असं त्यांच्या मनात आलं. दोन पायऱ्या उतरलेही. मागे वळून पाहिलं तर बुवा वाडगा हातात धरून खाडीपलीकडे बघत होते. त्यांची मान बारीक झाली होती. हे आपल्याला इतके दिवस कसं दिसलं नाही, असं केळुसकरांना वाटलं.

"उद्या सकाळी," केळुसकर म्हणाले. "भरती संपायच्या आत. खाली याल ना, की उचलून नेऊ?"

"येईन," बुवा म्हणाले.

घरी जाऊन केळुसकरांनी कोंडवलीच्या दुकानदाराला फोन केला आणि आक्कांना निरोप द्यायला सांगितलं.

सकाळी वारा नव्हता. पावसाळा सरला होता, आश्विनातलं ऊन चढत होतं, आणि शीड उभारलं तरी ते ओल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. केळुसकरांनी हँडल मारलं. इंजिन ढिम्म. पुन्हा मारलं. घामाने त्यांची बनियन पाठीला चिकटली. बरेच हिसके दिल्यावर ते एकदाचं सुरू झालं.

बुवा पुढच्या फळीवर बसले होते. हातात केळ्यांची एक फणी, अंगावर घोंगडी. थंडी नव्हती, तरी घोंगडी.

होडी निघाली. इंजिनाची धडधड फळ्यांतून पायांत येत होती. केळुसकरांना वाटलं, आता तरी आपल्याला बरं वाटेल. सुकाणूवर हात होता, समोर गुरू होते, आपल्या हातांनी जिवंत केलेलं यंत्र चालत होतं. पण रात्री झोप लागली नव्हती आणि डोळे जड झाले होते, इतकंच.

खाडीच्या मध्यावर इंजिनाने आचका दिला. मग आणखी एक. मग ते बंद पडलं.

ओहोटी लागली होती. होडीचं तोंड हळूहळू समुद्राकडे फिरू लागलं.

केळुसकर गुडघ्यांवर बसले. पाइपात हवा धरली होती. पाना घेऊन त्यांनी स्क्रू सैल केला. डिझेलचे बुडबुडे आले, बोटांवरून ओघळले. ते बुडबुडे संपायची वाट बघत बसले. त्यांना रडू येईल असं वाटत होतं, पण तेवढीही ताकद नव्हती.

"बुवा, घाबरलात?"

"नाही."

"मग गप्प का?"

बुवांनी केळ्यांची फणी फळीवर ठेवली.

"मला वाटलं, आता परत फिरावं लागणार," ते म्हणाले. "बरं वाटलं."

केळुसकरांनी मान वर करून पाहिलं. ज्यांच्या पायाशी बसायला मिळावं म्हणून त्यांनी एवढी वर्षं जिवाचं रान केलं होतं, ते बुवा दोन्ही हातांनी घोंगडी गच्च धरून बसले होते. शाळेत पहिल्यांदा सोडलेल्या मुलासारखे.

केळुसकरांनी स्क्रू आवळला. उठले, हँडल लावलं. कसंबसं उरलेलं बळ गोळा करून फिरवलं.

इंजिन चालू झालं.

"झालं," केळुसकर म्हणाले.

"हो," बुवा म्हणाले, आणि केळ्यांची फणी मांडीवर नीट ठेवली.

कोंडवलीचा धक्का शेवाळलेला होता. तर बंद झाल्यापासून तिथे कुणी लागत नसे. तरीही पायऱ्यांवर कुणीतरी बसलेलं लांबूनच दिसत होतं. होडी जवळ गेली तशी ती एक म्हातारी निघाली. अंगावर फिकं लुगडं, हातात काठी, डोक्याचे केस जवळजवळ नाहीतच. तोंड होडीकडे, पण नजर होडीवर नव्हती. ती आवाजाकडे बघत होती.

बुवा उभे राहिले. होडी हलली. त्यांनी धक्क्याचं लोखंडी कडं धरलं आणि तिथेच थांबले. एक पाय होडीत, एक पायरीवर.

म्हातारीचे ओठ हलले.

बुवा पुढे वाकले. "काय?"

तिने पुन्हा काहीतरी म्हटलं. आवाज इतका बारीक की तो तिच्या ओठांशीच राहिला. इंजिन धडधडत होतं, धूर दोघांच्या मधून वर जात होता.

"आक्का, मी भिवा," बुवा ओरडले. त्यांचा आवाज फाटला.

तिने मान हलवली. ते तिला ठाऊक होतं. तिला दुसरंच काही विचारायचं होतं. तिने हात पुढे केला, तो हवेत चाचपडला, बुवांच्या दंडाला लागला. ती पुन्हा बोलली. बुवांनी कानामागे हात धरला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

केळुसकर मागून हे बघत होते. एक हात सुकाणूवर, दुसरा इंजिनाच्या पत्र्यावर. पत्रा गरम होता, पण हात काढावासा वाटत नव्हता. जरा आवाज बदलला तरी ते कान टवकारत होते.

"बुवा, तुम्ही जा वर!" त्यांनी मोठ्याने सांगितलं. "बसा आक्कांपाशी, हवं तेवढं बसा! मी इथेच थांबतो, हे चालू ठेवून. एकदा बंद केलं तर पुन्हा धरेल याची खात्री नाही. माझ्या अंगात हँडल मारायचं बळ नाही उरलं."

बुवा वळले नाहीत.

"आणि बुवा," केळुसकरांना राहवलं नाही, "ते अनुग्रहाचं... परत गेल्यावर तरी..."

"मधू," भिवाबुवा म्हणाले, "ते इंजिन बंद कर. आक्का काय म्हणते ते मला ऐकू येत नाही."