गुलालाचं पोतं

“मग उद्या मला यश येईल की नाही, बुवा?”

हैबतरावाने हे मठाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहूनच विचारलं.

जहागिरीवरून तो आणि त्याचा चुलतभाऊ सुभानराव दोन वर्षं लढत होते. तिन्ही लढाया हैबतरावाने जिंकल्या होत्या. सुभानराव आता नदीपलीकडच्या गढीत कोंडला गेला होता. लहानपणी दोघांनी मुळाक्षरं गिरवली ती याच मठात, भवानगिरी बुवांपुढे बसून.

बुवा आत दर्भ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तीन लढाया जिंकल्यास. गुलाल कितीदा उधळलास?”



एकदाही नाही. पहिल्या लढाईत एक चुलतभाऊ पडला. दुसरीत थोरले चुलते. आणि गेल्या आठवड्यात मानाजीकाका, सुभानरावाच्या बाजूने लढताना. दर वेळी विजयाबरोबर सुतक आलं. पहिल्या लढाईआधी हौसेने आणलेलं गुलालाचं पोतं तंबूत अजून तसंच बांधलेलं होतं.

“शास्त्री म्हणतात, लढाईवर असलेल्याला सुतक नसतं.”

“बरं झालं. मग आत ये, अंगारा लावतो.”

अंगाऱ्याची वाटी हातात घेऊन बुवा थांबले.

हैबतरावाने आपल्या पायांकडे पाहिलं. पाय उंबरा ओलांडेनात...

“शत्रूचं सुतक धरतात का रे?”

“नाही.”

“मग तू हरवलंस कोणाला?”

हैबतराव उंबऱ्याजवळ सरकला. आवाज खाली आणून बेत तेवढा सांगितला. उद्या काकांचा दहावा. सुभानराव चार माणसं घेऊन घाटावर उतरणार, हत्याराशिवाय. आपले सरदार झाडीत दबा धरून बसतील.

“एका सकाळीत सगळं संपेल, बुवा. आमचा एकही माणूस पडणार नाही.”

“काकांना मूलबाळ नव्हतं. पिंड कोण देणार?”

“पुतण्यांपैकी... कोणीतरी.”

बुवांनी दोन काड्या उचलल्या, वळून पवित्रक केलं आणि उंबऱ्यावर ठेवलं.

“हे पिंड देताना उजव्या हाताच्या बोटात घालायचं. तलवार कुठल्या हातात धरतोस?”

हैबतरावाने तलवारीच्या मुठीवरचा उजवा हात काढून घेतला.

बुवांनी आणखी दोन काड्या त्याच्याकडे सरकवल्या.

“सुभान्याला अजून पवित्रक वळता येत नसणार. गाठ मारायला गेला की काडीच मोडायचा. तू वळून द्यायचास त्याला.”

हैबतरावाच्या ओठांवर हसू आलं. ते त्याला आवरता आलं नाही.

त्याने कमरेची तलवार सोडून भिंतीला टेकवली आणि तो पायरीवर बसला. काड्या हातात घेतल्या. पहिली गाठ सुटली. त्याने ती पुन्हा मारली.

दुसरं पवित्रक पहिल्याशेजारी ठेवून तो उठला. तलवारीकडे वळला, पण मध्येच थांबला.

“सरदार विचारतील, बेत का मोडला. त्यांना काय सांगू?”

बुवांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“सांग, गुलालाचं पोतं कोरडं ठेवा. सुतक फिटलं की चौदाव्या दिवशी दोघा भावांना लागेल.”