चेंडू राजेसाहेबांच्या ताब्यात होता का?

“चालले! चेंडू घेऊन चालले!” पाहुण्या संघाचे युवराज ओरडले आणि मैदानावरच्या साऱ्या नजरा पंचाकडे वळल्या.

पंच होता सटवाजी गुरव. देवळात शिंग फुंकणारा माणूस. दमदार छाती आहे, शिट्टी लांबवर ऐकू जाईल, एवढ्याच गुणावर राजेसाहेबांनी त्याला बास्केटबॉलचा पंच केलं होतं. नियम त्याने घोकले होते, पण डोक्यात शिरले निम्मेच. त्यातला एक मात्र पक्का होता: चेंडू हातात धरून चालायचं नाही, चालायचं तर तो जमिनीवर आपटत चालायचं.

आणि खडकसालचे राजेसाहेब तर अर्धं मैदान धावले होते! चेंडू तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून पोटावर, पोटावरून हनुवटीवर उडत होता. जमिनीला मात्र एकदाही लागला नाही. शेवटी घाईघाईत थापटला, तो नेमका बास्केटमध्ये! सामना बरोबरीत होता. ही बास्केट धरली तर खडकसाल जिंकणार.

“निवाडा दे, सटवाजी!” राजेसाहेब धापा टाकत म्हणाले. “प्रजेसमोर आमचा दोष काढलास, तर तुझी इनामाची जमीन गेली! आणि आमची भीड धरून खोटं बोललास, तरीही गेली!”

‘बायको सांगत होती,’ सटवाजी मनात म्हणाला, ‘फुंकायचं ते देवापुढे फुंका! पण मला मेल्याला मिरवायची हौस! शिट्टीशिवाय अक्कल ती काय माझ्याकडे?’

युवराज हसले. “पंचांची वाचा बसली वाटतं!”

तेवढ्यात सटवाजीला हनुवटीवर उडणारा चेंडू आठवला. त्याने घसा खाकरला.

“बास्केट धरली! चालल्याचा दोष नाही!”

“दोष नाही?” युवराज उसळले. “अर्धं मैदान धावले की!”

“धावले ना, सरकार. पण चेंडू ताब्यात आल्यावर चालायचं नाही, असा नियम आहे. ताब्यात येण्याआधी माणूस वेशीपर्यंत धावला तरी चालतं. मी डोळ्यात तेल घालून बघत होतो, आता येईल ताब्यात, मग येईल... तो शेवटपर्यंत आलाच नाही!”

राजेसाहेबांच्या भुवया चढल्या.

“म्हणजे आम्हाला चेंडू धरता येत नाही, असं म्हणतोस?”

“मी अडाणी काय म्हणणार, सरकार! आपल्याला धरता आला होता असं आपण म्हणालात, तर चालल्याचा दोष आत्ता देतो. नव्हता म्हणालात, तर आपण जिंकलो. आपल्या हातातलं आपल्यालाच ठाऊक!”

राजेसाहेबांनी युवराजांकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. आणि खो खो हसत सुटले!

“नव्हता! देवाशपथ, एक क्षणही नव्हता! आम्ही जिंकलो!”

युवराजांनाही हसू आवरेना. राजेसाहेबांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि सटवाजीपुढे केलं.

“घे, लवकर धर! आमच्या हातात काही टिकत नाही, असा तुझाच निवाडा आहे!”