पहिलं बोट साहेबांच्या फोटोवर

कारखान्यातल्या कामगारांसाठी ऋजुता कॉम्प्युटरवर एक खेळ तयार करत होती. पडद्यावर कारखान्याचं चित्र, आणि त्यात जिथे धोका दिसेल तिथे बोट टेकवायचं, की मशीन 'बरोबर!' म्हणून ओरडायचं. सांडलेलं तेल, उघडी वायर, सगळं झकास जमलं होतं. तेवढ्यात, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, मॅनेजर दाभाडेसाहेब येऊन टपकले.

"यात माझा फोटो कुठाय? मधोमध टाका! प्रत्येकाचं पहिलं बोट माझ्यावरच पडलं पाहिजे, आणि मशीनने 'बरोबर' म्हटलंच पाहिजे. नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो."

"अहो साहेब, पण हा खेळ धोके ओळखायचा..."

"ते तुमचं तुम्ही बघा!"

ऋजुताने त्यांनी पाठवलेला फोटो उघडला मात्र, ती आनंदाने खुर्चीतून उडालीच!

दुसऱ्या दिवशी चेअरमनबाईंसमोर पहिला कामगार पुढे आला. त्याने चित्र पाहिलं न पाहिलं तोच बोट थेट साहेबांवर! "बरोबर!" मशीन ओरडलं. दुसऱ्याचंही बोट तिथेच, तिसऱ्याचंही तिथेच. साहेबांची छाती फुगत चालली. एवढ्यात बाईंनी पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली, "शाब्बास! हा माणूस हेल्मेट न घालता चालू क्रेनखाली उभा आहे."

एकच हशा उसळला. साहेब लालबुंद झाले. "हा काय चावटपणा आहे?"

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं, साहेब," ऋजुता म्हणाली. "आता ते बोट दुसरीकडे वळवायचं, तर माझ्या कॉम्प्युटरला नाही जमणार. तुमच्या हेल्मेटलाच जमेल."